हात काढणार नाही

माझा हात लागला म्हणून वासरू धुतलं. भर थंडीत, सकाळच्या पारी, टाकीतल्या गारठलेल्या पाण्यानं.

मी तिसरीत होते. पौडच्या बाजारपेठेत आमचं मटणाचं दुकान. दूध आणायला मी रोज किटली घेऊन एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी जायचे. त्या घरच्या बाईला आम्ही सगळी पोरं काकी म्हणायचो. काकी गोठ्याच्या पायरीवर उभी राहायची, मी खाली. ती वरून दूध ओतायची, भांडं किटलीला टेकू न देता. मला वाटायचं, दूध असंच ओततात.

त्या दिवशी गाय नुकतीच व्याली होती. वासरू ओलं होतं. पाय फाकवून उभं राहायला बघायचं आणि पडायचं. एकदा पडलं ते माझ्याकडं तोंड करून. मी हात पुढं केला. त्यानं माझी बोटं तोंडात घेतली. गरम तोंड. खरखरीत जीभ. मला हसू आलं.

काकीनं बघितलं.

"हात लावला का गं तू?"

मी व्हय म्हणाले. खोटं बोलायचं काही कारणच नव्हतं.

"कसायाच्या हाताचा वास लागला की गाय पोराला जवळ घेत न्हाई," काकी म्हणाली. मला नाही, नवऱ्याला. मग तिनं बादली उचलली. एक ओतली, पुन्हा भरली, पुन्हा ओतली. वासरू लटलटत होतं. गाय दावं ओढून हंबरत होती. मी किटली घेऊन तिथंच उभी. मला कुणी जा म्हणालं नाही, थांब म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी वासरू मेलं. खापर माझ्यावर फुटलं.

अब्बांना निरोप आला. अब्बांनी दुकान अर्ध्यात बंद केलं, हात धुतले, सदरा बदलला आणि मला घेऊन त्या अंगणात गेले. हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "पोर हाय. चूक झाली. पुन्यांदा येनार न्हाई हितं." काकी बाहेर आलीच नाही. काका ओट्यावर बसून म्हणाले, "ठीक हाय कासम. जा आता." अब्बा काकांपेक्षा वयानं मोठे होते.

तेव्हापासून आमच्याकडं पिशवीचं दूध आलं. आणि त्याच आठवड्यात, रविवारी, त्याच घरचा गडी डबा घेऊन आमच्या दुकानात आला. छातीचं दे म्हणाला. अब्बांनी चांगला तुकडा निवडून दिला.

आम्ही मुलाणी. जत्रेत देवापुढच्या बोकडावर सुरी आमच्याच हातानं फिरायची. त्याशिवाय नैवेद्य व्हायचा नाही. आमच्या दुकानात बोकडाशिवाय कधी काही कापलं गेलं नाही. गावाला हे माहीत होतं, गावच तर गिऱ्हाईक होतं. तरी जत्रेपुरते आम्ही मुलाणी. जत्रा उठली की कसाई.

मला एकच गोष्ट कळत नव्हती. वासरू कशानं मेलं? माझ्या हातात खरंच काही होतं का? मी हात हुंगून बघायचे. साबणाचा वास यायचा. कुणाला विचारणार? अम्मीला विचारलं तर ती म्हणाली, विसर. अब्बांना विचारायचा धीर झाला नाही. त्यांना त्या अंगणात उभं मीच केलं होतं.

लोक विचारतात, जनावरांची डॉक्टर का झालीस? काही जणांना घरच्या कुत्र्यावर प्रेम असतं म्हणून ते या धंद्यात येतात. काहींना माणसांच्या डॉक्टरकीला मार्क कमी पडतात म्हणून येतात. मी एका मेलेल्या वासरासाठी आले. माझ्यावर खुनाचा आळ होता आणि मला तो खोडायचा होता.

नववीत गुरुजींनी एकेकाला उभं करून विचारलं, कोण होणार. मी म्हणाले, जनावरांची डॉक्टर. गुरुजी हसले.

"बरं हाय की. बाप कापणार, पोरगी शिवणार. घरातल्या घरात धंदा."

वर्ग खदखदला. माझी मैत्रीणसुद्धा हसली. मीही थोडं हसले. हसलं नाही तर अजून हसतात, हे तोवर कळलं होतं.

घरच्यांचंही काही वेगळं नव्हतं. मामू म्हणाले, डॉक्टर व्हायचं तर माणसांची हो, ढोरांच्या मागं हात घालणाऱ्या पोरीशी निकाह कोण लावणार? अब्बांनी मात्र दुकानाच्या मागच्या खोलीत माझ्यासाठी ट्यूबलाईट लावली. पलीकडं सुऱ्याचा आवाज आणि अलीकडं मी, पुस्तक घेऊन. मला पुढच्या बाजूला येऊ द्यायचे नाहीत. मुलींनी सुरीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता.

म्हणून कॉलेजात जे झालं ते जास्त लागलं. शरीररचनेचं पहिलं प्रात्यक्षिक होतं. टेबलावर मेलेली बकरी, औषधाच्या उग्र वासानं डोळे चुरचुरत होते. सगळे मागं सरकलेले. एका मुलानं सुरी माझ्यासमोर धरली.

"तू सुरुवात कर. तुझ्या घरचंच काम आहे."

शिकवणाऱ्यांनी ऐकलं आणि गालात हसून दुसरीकडं बघितलं. मी सुरी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. चीर वाकडी गेली. त्याचंही हसू झालं. कसायाच्या पोरीला कापता येत नाही. म्हणजे आलं असतं तरी हसले असते, आलं नाही तरी हसले.

तिसऱ्या वर्षी एक बाई आम्हाला नवजात जनावरांचं शिकवत होत्या. त्या सांगत होत्या, जन्मलेलं वासरू ओलं असतं, ते आधी कोरडं करायचं. गाईला चाटू द्यायचं. अंगाची ऊब टिकवायची. लगेच चीक पाजायचा. थंडीत ओलं राहिलं तर वासरू गारठून मरतं. आणि चुकूनही धुवायचं नाही, अंगावरचा वास गेला तर आई ओळखत नाही.

मी पेन खाली ठेवलं. वही मिटली. सगळे लिहून घेत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दुःखाचं नव्हतं ते. इतकी वर्षं ज्या हाताला मी हुंगत होते, त्या हातात काहीच नव्हतं. जे होतं ते बादलीत होतं.

पदवी घेऊन मी आमच्या मुळशी तालुक्यातच परत आले. पुण्यात राहा म्हणत होते सगळे. भुकूमला एक जुने डॉक्टर होते, त्यांच्या दवाखान्यात लागले. त्यांना सगळे सर म्हणायचे, मीही म्हणायला लागले. सर वाईट नव्हते. गाईच्या गर्भाशयात हात घालून बोटांनी कसं बघायचं, हे त्यांनी मला शेजारी उभं करून शिकवलं. कॉलेजात शिकले नव्हते इतकं त्यांच्याकडं शिकले. दवाखान्यात नव्या सोसायट्यांमधली कुत्री यायची, बाकी आम्ही गावोगाव फिरायचो, गोठ्यांत.

पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, "मला काही नाही गं. पण गिऱ्हाईक कसलं कसलं असतं. आणि हल्ली दिवस कसे आहेत, बघतेस ना. गाईचा विषय. तू रुपाली म्हणूनच राहा. आडनाव कुणी विचारत नाही."

माझ्या नावातलं पहिलं अक्षर तेवढं ठेवलं होतं त्यांनी. मी मान हलवली. मला काम पाहिजे होतं. गोठ्यात शिरायला मिळत होतं.

रुपाली मॅडमचं सगळीकडं स्वागत झालं. घरात बसवायचे, कपबशीत चहा द्यायचे. एकदा एका व्यालेल्या गाईची वार अडकली होती, ती मी काढली. घरच्या बाईनं जाताना थांबवलं. कोयरी आणली आणि माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. "लक्ष्मी वाचवलीस बया," म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कपाळ पुढं केलं. घरी जायच्या आधी आरशात बघून ते पुसलं. पुसताना वाटलं, त्या बाईनं कुणाला कुंकू लावलं? जिनं वार काढली तिला नाही. जी नाहीच, तिला.

अशी दोनेक वर्षं गेली. मग ते झालं.

मुळशीला धरणाच्या काठावर पुण्याच्या एका साहेबांचं फार्महाऊस आहे. देशी गाई ठेवल्यात, सुट्टीला येणारे पाहुणे गाईंबरोबर फोटो काढतात. एका दुपारी तिथून फोन आला, गीर गाय अडलीय. सर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी होते. मी एकटीच गेले. साहेब आणि पाहुणे गोठ्यात बघायला जमले होते.

वासराचे पुढचे पाय बाहेर आले होते, पण डोकं मागं वळलेलं. गाय दमली होती. मी शेपटीच्या मुळाशी इंजेक्शन दिलं, साबणाचं पाणी घेतलं आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. लांब हातमोजा फाटला, तो काढून फेकला. आधी वासराला मागं ढकलायचं, मग डोकं पकडायचं. गाय कळ देते तेव्हा हाडात हात चेंगरतो. बोटं बधिर होतात. शेवटी माझी बोटं त्याच्या जबड्यात अडकली. त्यानं जीभ हलवली. जिवंत होतं.

तेवढ्यात तिथला मॅनेजर आला. पौडचाच होता तो. आमच्या दुकानातलं नेहमीचं गिऱ्हाईक. त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं आणि साहेबांच्या जवळ जाऊन म्हणाला, "साहेब, ही कुनी रुपाली-बिपाली न्हाई. पौडातल्या मुलाण्याची पोरगी हाय ही. मटनवाल्याची."

पाहुण्यांपैकी कुणीतरी मोबाईल वर धरला.

साहेब शुद्ध, हळू आवाजात बोलायचे. त्याच आवाजात म्हणाले, "हात बाहेर काढा."

मी म्हणाले, "आत्ता हात काढला तर वासरू मरेल. गाय पण जाईल."

"मी सांगतोय ना, हात काढा. आम्ही दुसरा डॉक्टर बोलावतो."

दुसरा डॉक्टर पुण्याहून येणार. तोवर इथं काही उरणार नव्हतं. माझ्या मुठीत एक जबडा होता आणि तो जबडा जिवंत होता. मी साहेबांकडं बघणं सोडून दिलं. शेपूट धरून उभा असलेला बिहारकडचा मजूर होता, त्याला म्हणाले, "छोडना मत." त्यानं शेपूट सोडली नाही. मी दोरीचा फास जबड्याला लावला, डोकं फिरवलं, पुढं आणलं, आणि गाईच्या पुढच्या कळेबरोबर ओढलं.

कालवड झाली. मी तिच्या नाकातला चिकटा काढला, गोणपाटानं अंग पुसलं आणि गाईच्या तोंडापुढं ठेवली. गाय चाटायला लागली.

मी हात धुवायला नळाकडं गेले तर साहेब म्हणाले, "इथं नको. बाहेर धुवा."

बॅग उचलली. स्कूटी काढली. दोन्ही हात रक्तानं माखलेले, एक तर खांद्यापर्यंत. ओढणीला पुसले तरी जात नव्हतं. आणि रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं. असल्या हातांनी, असल्या नावाची बाई, या रस्त्यावर एकटी. एखादी गाडी थांबली असती. एखाद्यानं विचारलं असतं, रक्त कसलं? मी म्हणाले असते, गाईचं. पुढचं ऐकायला कुणी थांबलं असतं का? गाईला वाचवून येताना मी चोरासारखी, गाड्या आल्या की तोंड फिरवत चालले होते. एका वळणावर धरणाच्या पाण्याशी उतरले आणि चिखलात बसून हात घासले. रक्त सुटलं.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळीकडं गेला होता. त्यात वासरू नव्हतं. फक्त मी, गाईच्या मागं, रक्ताळलेला हात. खाली लिहिलेलं, नाव बदलून गाईंना हात लावणारी ही कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात माणसं जमली. काही ओळखीची, काही नाही. सर काठी टेकत आले होते. एकानं त्यांना विचारलं, "डॉक्टर, तुमाला म्हाईत व्हतं का हे?"

सरांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"मला काय कल्पना? तिनं जे नाव सांगितलं ते मी धरलं."

मला वाटलं होतं, मला राग येईल. आला नाही. फक्त पायाखालची फरशी थंड लागली. ज्या माणसानं माझा हात धरून मला काम शिकवलं, त्यानंच तो हात चारचौघांत झटकला. सर भ्याले होते. मला ते दिसत होतं. पण त्यांच्या भीतीची किंमत माझ्या तोंडून वसूल होणार होती.

त्या माणसांना माफी पाहिजे होती. मोबाईलवर. हात जोडायचे आणि म्हणायचं, मी नाव लपवून गाईंना हात लावला, माझी चूक झाली, पुन्हा करणार नाही. एवढं म्हण आणि जा, आम्ही काही करत नाही, असं ते समजावून सांगत होते. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, दोन वाक्यं बोल आणि विषय संपव, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय.

मोबाईल माझ्या तोंडासमोर आला.

"हात जोड," पोरगेला आवाज आला. माझ्यापेक्षा लहान असेल तो.

माझे हात उचलले गेले. खरंच गेले. शरीराला सवय असते. अर्ध्यात आले आणि मला तेच हात दिसले. आदल्या दिवशीच्या चेंगरण्यानं मनगटावर काळेनिळे वळ उठले होते. मी ते खाली घेतले आणि मोबाईलमध्ये बघून बोलले.

"माझं नाव रुबिना कासम मुलाणी. मी जनावरांची डॉक्टर आहे. काल माझ्या हातानं एक गाय सुटली आणि एक कालवड जगली. रुपाली हे नाव मला या दवाखान्यानं दिलं, तुमच्यासारख्यांना भिऊन. ते मी आज टाकलं. माफी मागणार नाही. चूक झालेली नाही."

एकानं माझ्या हाताला हिसका दिला. कुणी शिवी घातली. टेबलावरच्या बाटल्या फुटल्या. दारात एक बाई कुत्र्याला घेऊन उभी होती, ती ओरडायला लागली, तेव्हा लोक पांगले. तो व्हिडिओ त्यांनी कुठंच टाकला नाही. सरांनी त्याच दुपारी मला येऊ नकोस म्हणून सांगितलं. फोनवर.

अब्बांच्या दुकानालाही झळ लागली. गिऱ्हाईक तुटलं. अब्बा मला म्हणाले, "बेटा, पुन्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना बघ. तिथं कुनी इचारत न्हाई. आपन हितं जगायचंय." ते भांडत नव्हते. विनवत होते. मी त्यांचे पाय दाबत बसले होते आणि नाही म्हणत होते. अब्बांनी पाय काढून घेतले. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

मी पौडातच एक गाळा घेतला आणि पाटी लावली. पूर्ण नावाची. पाटीला शेण फासलं, मी पुसलं. कातकऱ्यांच्या बकऱ्या आल्या, धनगरांची मेंढरं आली. गाय आली नाही.

मग मागच्या थंडीत जवळच्या चांदे गावचा एक शेतकरी आला. त्याची म्हैस आदल्या रात्री व्याली होती आणि सकाळपासून बसली ती उठत नव्हती. मान बरगडीवर टाकलेली, कान गार, असं तो सांगत होता. मला बघायचीसुद्धा गरज नव्हती. व्याल्यानंतर अंगातलं कॅल्शियम एकदम उतरतं, त्याचा आजार. शिरेतून बाटली दिली की जनावर डोळ्यांदेखत उठतं. उशीर झाला की जातं. मी बॅग उचलली.

तो म्हणाला, "मॅडम, एक इनंती हाय. मागल्या अंगानं या. थोरला भाऊ हाय घरी. रुपाली म्हनूनच या की तुमी."

मी त्याला म्हणाले, "रुपाली कुणी न्हाई. मी येते. पन पुढल्या दारानं."

तो पुढं निघाला. मी त्याच्यामागून गेले आणि गाडी अंगणात लावली. थोरला भाऊ ओट्यावर उभा होता. मी माझं पूर्ण नाव सांगितलं. म्हैस दहा पावलांवर, छपरात दिसत होती. मी सांगितलं, आत्ता बाटली लावली तर उठेल.

"दुसरा डॉक्टर निघालाय," भाऊ म्हणाला. "तुमी व्हा बाहेर."

मी अंगणाबाहेर झाले आणि फाटकाशी उभी राहिले. हातात कॅल्शियमची बाटली. म्हातारी आई पदर तोंडाला लावून म्हशीपाशी बसली होती. धाकटा भावाकडं बघत होता, मग माझ्याकडं, मग खाली. दुसरा डॉक्टर हिंजवडीच्या गर्दीत अडकला होता. म्हशीनं पाय ताणले. रेडकू ओरडायला लागलं. मी हाक मारून सांगत राहिले, अजून वेळ आहे, येऊ द्या. कुणी फाटक उघडलं नाही.

म्हैस माझ्यादेखत मेली.

मी जाऊ शकले असते मागून. त्या नावानं. हे मला कळत नाही असं नाही. त्या म्हशीचे डोळे मला दिसतात. पण मी मागून गेले असते तर ती म्हैस जगली असती आणि मी पुन्हा कुणीच उरले नसते. पुढची म्हैस पुन्हा मागल्या दारानं. त्याच्या पुढचीही. आणि प्रत्येक वेळी मेलेल्या जनावराचं पाप कुणावर टाकायचं ते त्यांनीच ठरवायचं.

शेजारी जमले होते. लोक म्हणत होते, नशीब, दुसरं काय. मी फाटकाशी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नशिबानं न्हाई मेली ही. आजार साधा होता. औषध दारात होतं. तुमी दार लावलं म्हणून मेली." थोरला भाऊ अंगावर धावून आला. मी हलले नाही. माझं बोलणं पुरं झाल्यावरच मी गाडी सुरू केली.

आता मी हेच करणार आहे. बोलावणं आलं की जाईन, कुणाचंही आलं तरी. दिवसा जाईन, पुढच्या दारानं जाईन, आधी पूर्ण नाव सांगेन आणि मगच जनावराला हात लावेन. आत घातलेला हात कुणाच्या सांगण्यावरून काढणार नाही. आणि दार लावलंत, तर जनावर कशानं मेलं हे मी तुमच्या दारात उभी राहून सांगणार. मोठ्यानं. तुमचं नाव घेऊन.